पीएचडीची जागा कुठून येते आणि ती गाठायची कशी

एम.ए. किंवा एम.एससी.चं शेवटचं सत्र सुरू झालं की अनेकांचा रात्रीचा एक उद्योग ठरून जातो. दहा-बारा विद्यापीठांची संकेतस्थळं उघडायची, रिक्त पदांचं पान शोधायचं, तिथे आपल्या विषयाचं काही नसलं की पुढच्या विद्यापीठाकडे वळायचं. महिन्याभराने हाती उरतात त्या मुदत उलटून गेलेल्या जाहिराती आणि 'आपल्याला कुणी घेणार नाही' ही धास्ती. मी गेली काही वर्षं एका संशोधनगटात उमेदवारांचे अर्ज वाचायला मदत करते. नाकारले गेलेले कितीतरी अर्ज खरोखर चांगल्या मुलांचे असतात. त्यांचा अभ्यास कमी पडलेला नसतो. ही जागा मुळात तयार कशी होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पदवीच्या वर्गात ठरावीक जागा असतात आणि त्या दरवर्षी भरतात. पीएचडीचं तसं नाही. एका माणसाचा तीन, चार किंवा पाच वर्षांचा खर्च उचलायला कुणीतरी तयार झालं की जागा तयार होते, आणि तो पैसा संपला की जागाही संपते. म्हणून 'तुमच्याकडे जागा आहे का?' हे विचारण्याआधी 'इथे संशोधकाला पैसे कोण देतं?' हे शोधावं. पैसा एक तर प्राध्यापकाच्या प्रकल्पात असतो, नाही तर विभागाच्या तिजोरीत, नाही तर तुमच्या स्वतःच्या नावावर. पटवायचं कुणाला, अर्ज कधी करायचा आणि त्यात लिहायचं काय, हे सगळं त्यावर ठरतं.

पैसा प्राध्यापकाकडे असतो तेव्हा

आजची संशोधनाची पीएचडी घडली ती जर्मन भाषक प्रदेशात. 1810 साली बर्लिनमध्ये जे विद्यापीठ उभं राहिलं त्याने शिकवणं आणि संशोधन एकमेकांना बांधून टाकलं, आणि विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या हाताखाली तयार होऊ लागला. जर्मनमध्ये मार्गदर्शकाला आजही 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टरेटचा बाप. बाई असतील तर 'डॉक्टरमुटर'. या एका शब्दात तिथली व्यवस्था कळते. जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या देशांत पीएचडी करणारा माणूस बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकरदार असतो. त्याचा करार असतो, त्याला पगार मिळतो, त्यावर तो कर भरतो, त्याला रजा असते. नेदरलँड्समध्ये हा करार साधारण चार वर्षांचा असतो. डेन्मार्कमध्ये तीन वर्षांचा. नॉर्वेत तीन वर्षांचा, आणि पाव वेळ अध्यापन किंवा विभागाचं काम करायचं असेल तर चार. स्वीडनमध्ये अभ्यास चार वर्षांचा धरतात, पण शिकवण्याची जबाबदारी घेतली की तो पाचापर्यंत लांबतो. जर्मनीत पगार सार्वजनिक वेतनश्रेणीनुसार मिळतो, मात्र अनेक विषयांत जागा अर्ध्या किंवा दोन-तृतीयांश वेळेची दाखवतात आणि काम पूर्ण वेळ चालतं. जाहिरातीत 65 टक्के किंवा 50 टक्के असा आकडा दिसला तर तो पगाराचा आहे, कामाचा नाही, हे लक्षात ठेवा.

हा पगार येतो कुठून? बराचसा प्रकल्पाच्या अनुदानातून. प्राध्यापक एखादी कल्पना मांडून सरकारी किंवा युरोपीय संस्थेकडे प्रस्ताव पाठवतात. युरोपियन रिसर्च कौन्सिलचं नवोदितांसाठीचं अनुदान पाच वर्षांसाठी 15 लाख युरोपर्यंत असतं. प्रस्तावातच लिहिलेलं असतं की या पैशात दोन पीएचडी विद्यार्थी आणि एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक काळासाठी नेमलेला संशोधक, घेतला जाईल. अनुदान मंजूर झालं की काही महिन्यांत त्या जागांची जाहिरात निघते. जाहिरात या साखळीचं शेवटचं टोक आहे, आणि आपण बहुतेक जण फक्त त्या टोकाकडे बघत बसतो.

साखळीचं आधीचं टोक सगळ्यांना खुलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. सार्वजनिक पैशातून दिलेल्या अनुदानांची नोंद ठेवणारे शोधकोश आहेत. युरोपियन युनियनचा 'कॉर्डिस', जर्मन संशोधन प्रतिष्ठानचा 'गेप्रिस', ब्रिटनचा 'गेटवे टू रिसर्च', अमेरिकेत आरोग्यविज्ञानासाठी 'एनआयएच रिपोर्टर' आणि इतर विज्ञानशाखांसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनचा अनुदानशोध. विषयाचे दोन-चार शब्द टाकले की प्रकल्पाचं नाव, प्रमुख संशोधक, संस्था आणि कालावधी समोर येतो. सोबत प्रकल्पाचा थोडक्यात गोषवाराही असतो.

समजा तुम्हाला भूजलाच्या प्रवाहाचं गणिती प्रतिरूप करण्यात रस आहे. कोशात शोधल्यावर दोन प्रकल्प सापडले. पहिला अगदी तुमच्या विषयाचा आहे, पण तो आठ महिन्यांनी संपतो. तिथल्या प्राध्यापकांकडे तुमच्यासाठी आज पैसे असण्याची शक्यता कमी. दुसरा विषयाच्या थोडा कडेला आहे, पण दोन महिन्यांपूर्वी सुरू झालाय आणि गटाच्या पानावर अजून एकही नवा चेहरा दिसत नाही. पत्र दुसरीकडे पाठवायचं. जाहिरात निघण्याआधीच तुमचं नाव तिथे पोचलेलं असेल. अर्ज रीतसर जाहिरातीतूनच करावा लागेल, तो करायचाच, पण वाचणाऱ्याला नाव ओळखीचं वाटेल.

प्रकल्पाच्या जागेसाठी स्वतःचा संशोधन प्रस्ताव सहसा लागत नाही, कारण प्रस्ताव आधीच मंजूर झालेला असतो. इथे तुम्ही दुसऱ्याने आखलेल्या कामाचा एक भाग उचलता. ते स्वातंत्र्याचं नुकसान आहे असं काहींना वाटतं. मला वाटतं पहिल्या मोठ्या संशोधनात आखलेली वाट मिळणं वाईट नाही. तीन वर्षांत आपली वळणं आपण घेतोच. पण साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञानात ज्यांच्या मनात प्रश्न आधीच पक्का झालेला असतो त्यांना ही चौकट जाचते, आणि त्यांनी पुढच्या दोन मार्गांकडे जास्त लक्ष द्यावं.

विभागाची तिजोरी

अमेरिकेत पीएचडी गेली ती जर्मनीतूनच. येलने 1861 मध्ये पहिल्या पीएचडी दिल्या आणि 1876 मध्ये जॉन्स हॉपकिन्स संशोधनावर उभं राहिलेलं विद्यापीठ म्हणून सुरू झालं. पण तिथे त्या व्यवस्थेला शाळेची घडी बसली. अर्ज प्राध्यापकाकडे जात नाही, विभागाच्या प्रवेश समितीकडे जातो. मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते, निकाल फेब्रुवारी-मार्चपर्यंत येतात आणि अभ्यास शरद ऋतूत सुरू होतो. पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो, म्हणून पहिली दोन वर्षं तासिका आणि परीक्षांची असतात. फी माफ होते आणि बदल्यात शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेतलं काम करावं लागतं. जीवशास्त्राच्या अनेक विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मगच मार्गदर्शक निवडतात. तिथे प्रवेशाआधी एखाद्या प्राध्यापकाला 'मला घ्या' म्हणून लिहिण्यात फारसा अर्थ नसतो. 'येत्या वर्षी आपण नवा विद्यार्थी घेणार आहात का?' एवढं मात्र जरूर विचारावं, कारण समितीत त्यांच्या एका शब्दाला वजन असतं.

अमेरिकेतल्या अर्जदारांनी 15 एप्रिल ही तारीख लक्षात ठेवावी. बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाच्या प्रस्तावाला त्या तारखेआधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. मार्चमध्ये कुणी 'आठवड्यात कळवा' म्हणून घाई केली तर घाबरून होकार देऊ नका.

ब्रिटन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. ऑक्सफर्डने ही पदवी सुरू केली तीच 1917 मध्ये. तिथे अनेक विद्यापीठं मिळून प्रशिक्षण केंद्रं चालवतात आणि त्यांच्यामार्फत सरकारी विद्यावेतन वाटलं जातं. 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही ते मिळू शकतं, मात्र त्यांचं प्रमाण 30 टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवलेलं आहे. ब्रिटिश जाहिराती वाचताना एक शब्दप्रयोग नीट समजून घ्या, कारण त्यावर खूप जणांची फसगत होते. 'सेल्फ फंडेड' म्हणजे विषय आहे, मार्गदर्शक आहे, पैसा नाही. तो तुम्ही आणायचा. 'कॉम्पिटिशन फंडेड' म्हणजे दहा-वीस विषय जाहीर केलेत, पण पैसा त्यांतल्या मोजक्यांनाच, सर्वांत चांगले उमेदवार ज्या विषयांना मिळतील त्यांना. 'फुली फंडेड' असं लिहिलं असेल तरच पैसा हातात आहे. आणि तेव्हाही खाली बघा, परदेशी विद्यार्थ्यांच्या वाढीव फीचा फरक त्यात धरलाय की नाही.

पैसा घेऊन दारात जाणं

तिसरा मार्ग फेलोशिपचा. भारतातली जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, जपान सरकारची मोनबुकागाकुशो शिष्यवृत्ती, 1925 पासून चालत आलेल्या जर्मन संस्थेच्या म्हणजे 'डाड'च्या शिष्यवृत्त्या ही त्याची उदाहरणं. इथे निवड तुमची होते, प्रकल्पाची नाही. जपानच्या शिष्यवृत्तीला दोन दारं आहेत, एक दूतावासामार्फत आणि दुसरं विद्यापीठाच्या शिफारशीतून. एक बंद झालं म्हणून दुसरं बंद होत नाही. ऑस्ट्रेलियात सरकारी संशोधन शिष्यवृत्ती विद्यापीठच वाटतं, पण तिथे बहुतेक ठिकाणी आधी मार्गदर्शकाची संमती मिळवून मग अर्ज करायचा असतो. म्हणजे क्रम अमेरिकेच्या बरोबर उलटा.

स्वतःचा पैसा असलेल्या उमेदवाराला प्राध्यापक पटकन हो म्हणतात. त्यातच थोडी सावधगिरीची गरज आहे. ज्याच्यासाठी मार्गदर्शकाला काही खर्च करावा लागत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष करणंही सोपं जातं. अशा वेळी गटाच्या बैठका, प्रयोगाचं साहित्य, परिषदेचा प्रवासखर्च यांत तुम्हाला बाकीच्यांसारखाच वाटा आहे का, हे आधी विचारून घ्या.

युरोपियन युनियनच्या पैशातून निघणाऱ्या 'मारी क्युरी' जागांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचा नियम परदेशातून येणाऱ्याच्या बाजूने आहे. त्यांच्या डॉक्टरल नेटवर्कमध्ये एकाच मोठ्या विषयावर अनेक देशांतल्या संस्था एकत्र येतात आणि एकाच वेळी दहा-बारा जागा जाहीर करतात. अट अशी की ज्या देशात जागा आहे तिथे गेल्या 36 महिन्यांत तुम्ही 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. त्या देशातल्याच विद्यापीठातून नुकतीच पदवी घेतलेले स्थानिक विद्यार्थी या अटीमुळे बाजूला पडतात. दुरून अर्ज करणाऱ्याला इतकी अनुकूल अट मी दुसरीकडे पाहिली नाही, आणि तरीही अनेकांना ती माहीतच नसते.

जाहिराती कुठे बघायच्या हे आता सोपं आहे. युरोपसाठी 'यूरॲक्सेस', नेदरलँड्ससाठी 'अकॅडेमिक ट्रान्स्फर', ब्रिटनसाठी 'जॉब्स डॉट एसी डॉट यूके' आणि 'फाइंड अ पीएचडी'. त्याशिवाय प्रत्येक विषयाचं आपलं एक चावडीचं ठिकाण असतं. गणितवाल्यांचं 'मॅथजॉब्स', कणभौतिकीवाल्यांचं 'इन्स्पायर', खगोलशास्त्रज्ञांचं अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर, भाषाशास्त्रज्ञांची 'लिंग्विस्ट लिस्ट'. आपल्या विषयाची चावडी कोणती, हे विभागातल्या कुठल्याही पोस्टडॉकला विचारा, एका मिनिटात उत्तर मिळेल.

पत्र

प्राध्यापकांना पाठवायच्या पहिल्या ईमेलवर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. आमच्या गटात येणारी बहुसंख्य पत्रं एकाच साच्यातली असतात. 'आदरणीय सर' (गटप्रमुख बाई असल्या तरी), मग स्वतःच्या गुणांची टक्केवारी, मग 'आपल्या नामांकित संस्थेत संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे', आणि शेवटी सहा जोडपत्रं. यात लिहिणाऱ्याने आमचं काम वाचल्याची एकही खूण नसते. हेच पत्र आणखी ऐंशी जणांना गेलंय हे वाचणाऱ्याला दुसऱ्याच ओळीला कळतं.

उत्तर मिळवणारं पत्र लहान असतं. तुम्ही कोण आणि सध्या काय करता, एका वाक्यात. मग त्यांच्या एका शोधनिबंधातली एक नेमकी गोष्ट, जी वाचून तुम्हाला खरोखर प्रश्न पडला. 'तुम्ही पावसाळ्याची मोजमापं वगळली आहेत. माझ्या प्रबंधात मी तेवढ्याच महिन्यांवर काम केलं आणि प्रवाहाची दिशा उलटी दिसली' अशा धर्तीचं. मग तुम्हाला काय येतं, तेही मोजकं: कोणती पद्धत, कोणतं उपकरण, कोणती संगणकभाषा, कुठल्या कामात वापरली. आणि शेवटी सरळ प्रश्न, की येत्या वर्षात पीएचडीची जागा निघणार आहे का. सीव्ही आणि गुणपत्रक एकाच फाइलमध्ये जोडा. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तिसरं पत्र नको.

असं एक पत्र लिहायला दोन संध्याकाळी जातात. महिन्यात आठच पत्रं होतील. ती आठ त्या ऐंशींपेक्षा किती तरी पुढे जातात, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहिलं आहे.

शिफारसपत्रांचंही तसंच. मोठ्या नावाच्या माणसाने लिहिलेलं 'हा मेहनती विद्यार्थी आहे' एवढंच पत्र काही सांगत नाही. ज्या मॅडमनी तुमचा प्रयोग तीनदा फसताना पाहिला आणि चौथ्यांदा तुम्ही तो कसा सावरलात हे ज्यांना आठवतं, त्यांनी लिहिलेलं अर्धं पान जास्त बोलतं. त्यांना महिनाभर आधी सांगा, जाहिरात आणि आपला सीव्ही पाठवा.

जाहिरातीतल्या अपेक्षांची यादी वाचून माघार घेऊ नका. 'आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम' अशा दोन रांगा असतात. पहिली रांग पुरी होत असेल तर अर्ज करायचा. मात्र मुदत जेमतेम दहा दिवसांची आणि अपेक्षा एखाद्या विशिष्ट माणसाच्या मापाने शिवल्यासारख्या असतील, तर तिथे बहुधा माणूस आधीच ठरलेला असतो आणि नियमापुरती जाहिरात काढलेली असते. तिथला नकार मनाला लावून घेऊ नये.

मुलाखत दोन्ही बाजूंनी असते

प्रकल्पाच्या जागेची मुलाखत बहुधा ऑनलाइन होते. दहा-पंधरा मिनिटं आपला प्रबंध मांडायचा, मग प्रश्न. 'हेच काम पुन्हा करायला मिळालं तर काय बदलाल?' हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो, आणि 'काही नाही' हे त्याचं सर्वांत वाईट उत्तर. इथे त्यांना तुमची हुशारी मोजायची नसते. चूक दिसल्यावर हा माणूस काय करतो, ते पाहायचं असतं.

तुमचे प्रश्नही तयार ठेवा. गटातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या गैरहजेरीत बोलायला मिळेल का, हे विचारा. चांगले मार्गदर्शक आनंदाने हो म्हणतात. त्या विद्यार्थ्यांना विचारा की आधीच्यांना किती वर्षं लागली, किती जणांनी मध्येच सोडलं, सर किंवा मॅडम महिन्यातून किती वेळा भेटतात, सुट्टी मागितल्यावर काय होतं. उत्तर देताना कुणी अडखळलं तर त्या अडखळण्याकडेही लक्ष द्या. माझ्या एका मैत्रिणीने ही चौकशी केली नव्हती. तिच्या मार्गदर्शकांनी दुसऱ्याच वर्षी विद्यापीठ बदललं, आणि अर्धवट काम घेऊन ती पाच महिने नव्या माणसाच्या शोधात होती.

पीएचडी न करताही संशोधनात शिरता येतं, आणि थांबून विचार करायचा असेल तर ते चांगलंच. संशोधन साहाय्यक, प्रयोगशाळा व्यवस्थापक, विदा (डेटा) सांभाळणारे, संशोधनासाठी संगणकप्रणाली लिहिणारे अशा जागा त्याच प्रकल्पांच्या पैशातून निघतात आणि त्याच शोधकोशांतून त्यांचा माग लागतो. अर्थशास्त्रात तर पीएचडीआधी एक-दोन वर्षं पूर्णवेळ संशोधन साहाय्यक म्हणून काम करण्याची वाट आता रुळली आहे.

पीएचडीनंतरच्या पोस्टडॉकलाही पैशाचा तोच हिशेब लागू होतो. एक तर दुसऱ्याच्या प्रकल्पात, नाही तर स्वतःची फेलोशिप घेऊन. फेलोशिपला घड्याळ लावलेलं असतं: जर्मनीतल्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानच्या पोस्टडॉकसाठी पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, मारी क्युरीसाठी आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्थशास्त्रज्ञांच्या नोकरीबाजारात एक विलक्षण सोय आहे. प्रत्येक उमेदवार शेकडो ठिकाणी अर्ज करतो, मग खरा रस कुणाला हे विभागांना कसं कळावं? म्हणून अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने 2006 पासून उमेदवाराला दोनच 'संकेत' पाठवायची मुभा दिली. दोनच, म्हणून त्यांना किंमत. ही सोय सुचवणाऱ्या समितीचे प्रमुख ॲल्विन रॉथ यांना पुढे 2012 चं नोबेल मिळालं. बाकी विषयांत ही यंत्रणा नाही, पण नेमकं, कष्टाने लिहिलेलं पत्र तेच काम करतं.

आणखी एक. पीएचडीची जागा मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय. अमेरिकेत अर्जशुल्क असतं आणि अडचण असेल तर अनेक विद्यापीठं ते माफही करतात, पण ते विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचं असतं, मध्यस्थाच्या खात्यात नव्हे.

जागा देऊ केल्याचं पत्र आलं की आनंदाच्या भरात लगेच सही करू नका. करार किती वर्षांचा आणि पहिल्या वर्षानंतर मूल्यमापन आहे का, प्रकल्पाचा पैसा प्रबंधाआधी संपला तर पुढचं वेतन कोण देणार, फी आणि विमा कोण भरणार, मार्गदर्शक दुसरीकडे गेले तर काय होणार, हे चार प्रश्न ईमेलवर विचारा म्हणजे उत्तरं लेखी राहतील. आणि एकीकडे होकार दिलात की बाकी सगळ्या ठिकाणी त्याच दिवशी नकार कळवा. आमच्या प्रतीक्षायादीवर दर वेळी कुणीतरी असतं, आणि त्या कुणाला फोन करायचा दिवस बहुतेकदा असाच एखादा ईमेल येण्यावर अडलेला असतो.